दीड दिवसाची बहीण

आमची ताई ट्रंक बोर्डावर होती. म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, डोक्यावर हेडफोन चढवून, बाहेरगावचे कॉल जोडून देणाऱ्या बायकांच्या रांगेत ती बसायची. कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायची, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?” हा नियम ताईने घरी आणला होता. कोणीही तक्रार घेऊन आलं की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघायची आणि म्हणायची, “बोल.” तिसऱ्या मिनिटाला मध्येच, अगदी गोड सरकारी आवाजात, “तीन मिनिटं झाली.” वाढवून क्वचितच मिळायचं. दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, आमचे मामा, सगळ्यांना तिने असं थांबवलं होतं. मामा एकदा चिडून म्हणाले, “मी काय ट्रंक कॉल आहे का?” ती म्हणाली, “नाही मामा, तुम्ही लोकल आहात. लोकलला खरं तर एवढाही वेळ द्यायला नको.”

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून मी नेहमीसारखी यादी केली आणि यादी भलतीकडेच गेली. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मधे दादा. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि त्यानंतर वर्षभर माझा आवाज बसल्यासारखा झाला होता. म्हणजे मी बोलायचे, पण समोरच्याला दोनदा विचारावं लागायचं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाजते. वडील म्हणाले, होईल हळूहळू. ताई दर रविवारी मला बसने आरे कॉलनीत न्यायची, झाडीतल्या एका रस्त्यावर उतरवायची, एका झाडाशी उभी करायची आणि स्वतः चालत लांब जायची. तिथून हात वर केला की मी माझं नाव सांगायचं.

“ऐकू येत नाही,” ती ओरडायची.

मी पुन्हा सांगायचे.

“पार्टीचा आवाज येत नाही. मोठ्याने.”

तेव्हा ती नुकतीच एक्स्चेंजला लागली होती आणि फोनवरच्या माणसासारखंच सगळ्या जगाला पार्टी म्हणायची. तबेल्यातला एक भैया दर वेळी हे बघायचा. एका रविवारी तो वैतागून तिला म्हणाला, “अरे बहनजी, बच्ची का नाम मुझे भी याद हो गया.” त्या दिवशी ताईने मला उसाचा रस पाजला आणि आरेची वारी बंद केली. माझा आवाज आजही मजल्यावर सगळ्यात मोठा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला माइक देत नाहीत.

स्वतःच्या आवाजाची मात्र ती फार काळजी घ्यायची. ड्यूटीवरून आली की एक तास बोलायची नाही. दिवसभरात चारशे माणसांशी बोलून झालेलं असायचं, “आता गळ्याला सुट्टी.” त्या तासात काही विचारलं तर ती हातातल्या चमच्याने कपावर वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे मूर्खासारखं विचारू नकोस. तिला बघायला आलेली मंडळी एकदा नेमकी त्या तासात आली. वडिलांनी डोळ्यांनी विनवण्या केल्या. ती चहा घेऊन आली, बसली आणि मुलाच्या आईच्या प्रश्नांना चमच्याने उत्तरं दिली. स्वयंपाक येतो का, टण्. नोकरी सोडणार का, टण् टण्. आमचा मुलगा आवडला का, यावर तिने थोडा विचार केला आणि तीनदा वाजवलं. मंडळींना अर्थ कळला नाही. त्यांना वाटलं, फारच आवडला. वडिलांना मग पत्र लिहून नकार कळवावा लागला. त्यानंतर कोणी आलं नाही, आणि तिने कोणाची वाट पाहिल्याचंही मला दिसलं नाही. घाटकोपरला एक खोली-स्वयंपाकघर घेऊन ती एकटी राहू लागली. दारावरच्या पाटीवर नावाआधी कुमारी, श्रीमती काहीच लावलं नाही. पोस्टमनने विचारलं तेव्हा म्हणाली, “पत्रं पोचतात ना?”

माझ्या याद्यांचं मूळही तिच्यापाशीच आहे. लग्नानंतर मी कांदिवलीला आले आणि लगेच यांची रत्नागिरीला बदली झाली. कांदिवलीला आमच्या मजल्यावर फोन एकच, समोरच्या काकूंचा. मी रत्नागिरीहून काकूंच्या फोनवर कॉल बुक केला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. मला त्यांना एक बातमी द्यायची होती. पण सासूबाईंशी एकदम काय बोलायचं म्हणून मी पावसापासून सुरुवात केली. मग बाजारातले मासे, मग शेजारीण, मग घाटातला रस्ता. आणि आता सांगणार, तेवढ्यात लाइनवर आवाज आला, “तीन मिनिटं झाली.”

“अगं ताई, मीच आहे,” मी म्हटलं.

“लाइनवर गर्दी आहे. वाढवून मिळणार नाही,” सरकारी आवाज म्हणाला आणि कॉल तुटला. रत्नागिरीला पाऊस आहे एवढंच सासूबाईंना कळलं.

चार दिवसांनी तिचं अंतर्देशीय पत्र आलं. त्यात इतकंच होतं: “पाऊस, मासे, शेजारीण, घाट. मुद्दा पाचवा होता. पुढच्या वेळी कागदावर लिहून घे आणि पाचवा पहिला घे. कितवा महिना? मी तुमचं बोलणं ऐकलं हा गुन्हा आहे. पुन्हा करणार नाही.”

तो गुन्हा तिने खरंच पुन्हा केला नाही. हे मला माहीत आहे, कारण त्यावरूनच दादा आणि ती दुरावली. दादाच्या ऑफिसात बदल्यांची यादी निघायची होती. त्याचे साहेब रोज दिल्लीला कॉल लावायचे, आणि ते कॉल ताईच्या बोर्डावरून जायचे. दादा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, “जास्त काही नको. माझं नाव आहे की नाही, एवढंच ऐकून सांग.” ती म्हणाली, “तिथे ऐकलेलं घरी येत नाही.” तो म्हणाला, “धाकटीचं ऐकलंस की.” ती म्हणाली, “त्याची मला अजून लाज वाटते.” दादाची बदली झाली. तो दोन वर्षं बायकामुलांपासून लांब राहिला आणि परत आल्यावरही तिच्याशी बोलला नाही. सहा वर्षं. मुलुंडला वडिलांच्या घरात तो, घाटकोपरला ती, आणि दोघांचे निरोप माझ्यामार्फत. मी दोघांनाही सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं नाही, तिने तीन मिनिटं ऐकून घेतलं.

वडील गेले तेव्हा दोघं पुन्हा बोलू लागली होती, पण भांडण तेव्हाही झालं. चौथ्या दिवशी सकाळी ताई पर्स घेऊन निघाली. दादाने विचारलं, “कुठे?”

“ड्यूटी.”

“सुतक आहे, ताई. दहा दिवस घराबाहेर नाही जायचं.”

“बोर्डावर कोणी तरी बसायला हवं. इतरांचेही वडील जातात, त्यांच्या पोरांना फोन लागायला नको?”

“आणि लोक काय म्हणतील?”

“त्यांचा कॉल मला जोडून दे,” ती म्हणाली आणि गेली.

सुतक तिला मुळातच मान्य नव्हतं. माणूस गेला की रडावं, आंघोळ करावी आणि कामाला लागावं, असं तिचं मत. हे मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते तिला अजिबात पसंत पडलं नसतं.

शहाऐंशी साली श्रावणात तिला कावीळ झाली. तिने ती अंगावर काढली आणि हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी टॉवेल, तांब्या, चमचा, घरचं पातळ वरण, सगळं यादीप्रमाणे घेऊन जायचे. शेवटच्या दिवशी तिला बोलवत नव्हतं. मी विचारलं, “फार त्रास होतोय का?” तिने पलंगाच्या दांडीवर बोट दोनदा वाजवलं. ती खोटं बोलल्याचं मला आठवतं ते एवढंच.

दादा आला होता. त्याने अग्नी दिला, आणि स्मशानातून परतल्यावर मुलुंडच्या घरी भिंतीला टेकून बराच वेळ रडला. त्याच्या रडण्यात खोट नव्हती. मग गुरुजींनी सुतकाचा हिशोब सांगितला. दादाला दहा दिवस. वहिनीला दहा. मुलांना दहा. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “तुम्हाला दीड दिवस.”

“मला?” मी म्हटलं.

“लग्न झालेल्या बहिणीला दीडच. मनात शंका नको असेल तर तीन धरा.”

त्यांचं चुकलं नव्हतं, पोथीत असेल तसं ते सांगत होते. मी आजूबाजूला पाहिलं. दादाच्या धाकट्या मुलाने ताईला आयुष्यात चार वेळा पाहिलं असेल. त्याला दहा. सहा वर्षं जिच्याशी बोलला नाही तिचे दादाला दहा. आणि जिने मला झाडाशी उभं करून आवाज परत दिला, तिची मी दीड दिवसाची बहीण. मी गुरुजींना म्हटलं, “मी दहा पाळणार.”

“तसं करता येत नाही.”

“कोणाला न शिवता, देवाला न शिवता कोपऱ्यात बसायचं ना? करता येईल.”

कांदिवलीला आले तेव्हा घरात गणपतीची तयारी सुरू होती. रत्नागिरीहून आम्ही केव्हाच परतलो होतो. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. ताईच्या सातव्या दिवशी चतुर्थी येत होती. सून घरातली एकच, ती मी. एकवीस मोदक, पंचखाद्य, पाहुणे, पानं, सगळं दरवर्षी माझ्या यादीवर चालायचं. तिसऱ्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मूळच्या मालवणच्या, बोलणं तिथलंच.

“तीन दिस झाले. डोक्यावरून पाणी घे आणि कामाक लाग.”

“मी दहा दिवस धरणार आहे, आई.”

“कोणी सांगल्यान?”

“कोणीच नाही.”

यांनी समजूत घालून पाहिली. “अगं, शास्त्रात जे नाही ते कशाला ओढवून घेतेस? आणि ताईंना तरी हे चाललं असतं का? त्या तर चौथ्या दिवशी कामावर गेल्या होत्या.”

“नसतं चाललं. तिने वाद घातला असता. पण ती नाही ना आता, तेव्हा या वेळी माझं चालेल.”

खरं तर मला तेवढंच हवं होतं. मी किती पूजाअर्चा करते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मला सोवळ्याची हौस नाही. पण माझी कोण गेली हे ठरवायचा अधिकार मी पोथीला देणार नव्हते. दुःखाला दुसरं माप मला सापडलं असतं तर मी तेही वापरलं असतं. आमच्या लोकांत माप दिवसांचं आहे, मग मी पूर्ण दिवस मागितले.

मी मागच्या खोलीत चटई टाकली. तिथून यादी दिली, कारण कामं अडवून धरायची नव्हती. मोदक: हे. सारण: सासूबाई. फुलं, दूर्वा, केळीची पानं: हे. आल्यागेल्याचा चहा: हे. यांनी यादी वाचली आणि विचारलं, “यात माझं नाव तीनदा का आहे?” मी म्हटलं, “घरात माणसंच तीन आहेत. एक सुतकात, एकीचे गुडघे दुखतात.” आमचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला मी टाळ्या वाजवण्याचं काम दिलं.

चतुर्थीच्या दिवशी दार लोटून मी आत बसले होते. बाहेर सासूबाई यांना मोदक शिकवत होत्या. “पाकळी काढ, पाकळी. ही काय बटाट्याची भाजी आसा?” उकड फाटल्याचं, पुन्हा मळल्याचं, सगळं कानावर येत होतं. दर दोन मिनिटांनी माझे हात शिवशिवायचे. आणि मला ताईचा फार राग आला. इतक्या लवकर गेली म्हणून, कावीळ अंगावर काढली म्हणून, आणि आता मी तिच्यासाठी जे करत बसले होते ते तिला हास्यास्पद वाटलं असतं म्हणून. त्या खोलीत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडले. आई गेल्यावर तिने मला रडताना बघून “आवर आता” म्हटलं होतं, तेही काढलं. अर्ध्या दिवसात माझी सगळी भांडणं संपली आणि मग नुसती ती राहिली, त्या झाडीतल्या रस्त्यावर, लांब, हात वर करून.

संध्याकाळी दर्शनाला मजल्यावरची माणसं आली. समोरच्या काकू आल्या, त्याच फोनवाल्या. काकू स्वभावाने चांगल्या, फक्त दुसऱ्यांच्या घरातले नियम त्यांना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असायचे. त्यांनी विचारलं, “सून दिसत नाही?”

“सुतकात आसा,” सासूबाई म्हणाल्या.

“पण आज सातवा दिवस ना? लग्न झालेल्या बहिणीला दीडच असतं हो. नसलेलं सुतक धरणंही बरं नाही, गणपतीच्या घरात.”

मी आत दाराजवळ सरकले. काकू बोलल्या तेच सासूबाई गेले चार दिवस मला ऐकवत होत्या. त्या आता “तेच तर मी सांगतंय” म्हणणार, याची मला खात्री होती.

“आमच्याकडे सख्ख्या भैणीचा धा दिवस धरतत,” सासूबाई म्हणाल्या.

“असं कुठे असतं?”

“मालवणाक असता. आमच्या सगळ्या गावात. तुमच्याकडे नाय?”

“नाही बाई, आमच्याकडे दीडच,” असं काहीतरी काकू म्हणाल्या, जणू त्यांच्याकडे काही कमी पडलं. सासूबाईंच्या गावात अशी पद्धत कधीच नव्हती. सुनेला दहा दिवस स्वयंपाकघरातून सुट्टी देणारी पद्धत त्या गावात टिकली तरी असती का? काकू गेल्यावर त्यांनी दार उघडलं आणि एक ताटली लांबून आत सरकवली. तीन मोदक, तिन्ही फाटलेले.

“तुझ्या घोवान केल्यान. खा,” त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, “माका खोटा बोलाक लावलंस देवाच्या दारात.”

दहाव्या दिवशी मी मुलुंडला गेले. विधी चालू होता. सगळ्यांचं तिळाचं पाणी सोडून झालं तेव्हा मी पुढे बसले. गुरुजी थबकले. दादा म्हणाला, “सोडू द्या तिला.” गुरुजींनी विचारलं, “गोत्र?”

मी वडिलांचं गोत्र सांगितलं.

“ते माहेरचं. तुमचं आता सासरचं.”

“गेली ती माहेरचीच होती,” मी म्हटलं. आवाज मोठाच लागला, वहिनी बाहेरून आत बघायला आली. गुरुजींनी पुढचा मंत्र म्हटला.

निघताना दादा जिन्यापर्यंत आला. म्हणाला, “तू दहा धरलेस. मला दहा नुसते मिळाले.” मी त्याचं सांत्वन केलं नाही. खोटं करता आलं असतं, पण ते घरात एकीला शोभतं, सासूबाईंना. मी म्हटलं, “मग तिच्या खोलीतलं सामान आवरायला ये. मी यादी करते.” तो आला. दोन दिवस आम्ही घाटकोपरची खोली आवरली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं गेली असतील. एक दिवस समोरच्या काकूंच्या घरातून मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं. त्यांची नाशिकची बहीण गेली होती. काका दारात उभे राहून मला म्हणाले, “तुम्ही तरी सांगा हिला. आज चौथा दिवस. आमच्यात दीडच असतो. ही म्हणते, दहा. म्हणते, कोकणात धरतात, चांगली पद्धत आहे.”

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि काकांना म्हणाल्या, “धरतत. फार जुनी पद्धत आसा.”

आत काकू चटईवर बसल्या होत्या. केस सुटलेले, डोळे सुजलेले, आणि चेहऱ्यावर, आता कोणी काही बोलून तर बघा, असा भाव. सुतक असलेल्या बाईच्या चटईवर बसलं तर घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करावी लागते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, “मोठी होती की धाकटी?”